अकरा तासांचा थांबा

खडेबाजारात, शिंप्याच्या दुकानावर माझं ऑफिस.
पाटी तीन लिप्यांत, कन्नड सर्वांत मोठी, नियमाप्रमाणे,
मराठी खाली, उन्हाने जरा उडालेली.
मी फॉर्म भरतो. परदेशी जायचे. दुसऱ्यांचे.

तानुबाई मुचंडीकर, वय एकाहत्तर, राहणार सांबरा.
विमानतळाच्या कुंपणाला लागून त्यांचं रताळ्याचं रान;
चाळीस वर्षं विमानं डोक्यावरून गेली,
त्या वर बघायच्याही थांबल्या.
आता लेकाकडे जायचंय, न्यूझीलंडला. सुनेला सातवा लागलाय.
पिशवीतून काढलं एकेक:
शाळेचा दाखला, आधार, रेशनकार्ड,
मधेच कुणाच्या तरी लग्नाची पत्रिका,
ती परत आत.

जन्मठिकाण.
दाखल्यावर बेळगांव, टिंब देऊन.
आधारवर बेळगावी.
पासपोर्टवर इंग्रजीत तिसरंच काहीतरी.
दाखल्यात राज्य: मुंबई.
"मुंबई मी बघितलीच न्हाई अजून," त्या म्हणाल्या.
मी म्हटलं, मावशी, तुम्ही नाही गेलात,
तीच आली होती. मग गेली.

यापूर्वी कधी सीमा ओलांडली आहे काय?
"होय की. धाकटी भैन शिनोळीला दिलीया.
दर दिवाळीला जातो मी.
बाचीच्या पुढं डुलकी लागती बसमधी,
जाग येती तवा महाराष्ट्र असतो."
मी लिहिलं: नाही.

फोटोची पार्श्वभूमी पांढरी हवी,
दोन्ही कान दिसायला हवेत, हसू नये.
ठसे द्यायला बेंगळुरू, रात्रीच्या बसने;
मशीनला त्यांची बोटं तीनदा कळली नाहीत,
चौथ्यांदा तिथल्या पोरीने ओल्या कागदाने पुसली
तेव्हा कुठे एक हिरवा दिवा.

परत येण्याचं कारण: मालमत्ता, नोकरी, कुटुंब यांपैकी.
"रताळी काढायला येतो की मी. नवरात्रात.
लोक उपासाला काय खातील मग?"
हे इंग्रजीत कसं लिहावं
म्हणून मी बराच वेळ पेन धरून बसलो.
'शेतजमिनीची मालकी' लिहिलं.
तेवढं पुरलं त्यांना.

तिकीट स्वस्तातलं, म्हणून वाटेत अकरा तास थांबा.
त्या देशाचा व्हिसा लागत नाही
पुढचं विमान चोवीस तासांच्या आत असेल तर,
फक्त काचेच्या दारापलीकडे जायचं नाही.
हे मी रोज कुणाला ना कुणाला सांगतो, पाठ आहे.
त्यांनी पदर सारखा केला.
"म्हंजे उतरायचं, पण पोचायचं न्हाई?"
खाली शिंप्याचं मशीन नेमकं थांबलं होतं.
हो, तसंच, मी म्हटलं.
"मग जमंल," त्या म्हणाल्या.

चौदा तारखेला पहाटे तीनला फोनवर त्यांचा आवाज,
नातवाने शिकवल्याप्रमाणे बटण दाबून धरलेला:
"हितं एक बाई फरशी पुसत हुती.
माझं लुगडं बघून जवळ आली, म्हणाली, याव ऊर री?
गोकाककडची निघाली.
अवो, किती बरं वाटलं काय सांगू.
मी म्हटलं, बेळगावी री.
बेळगावीच आलं बघा तोंडातनं.
आमचं हे असतं तर बोललं नसतं चार दिवस माझ्याशी,
त्या नावापायी दोन महिने हिंडलग्याला आत हुतं.
भाकरी सोडली मी, शेंगाची चटणी. दोघींनी खाल्ली.
ती मधनंमधनं दाराकडं बघायची, सायब येतोय काय म्हणून.
कुणाला सांगू नका."

मी निरोप पुन्हा लावला.
त्यांच्या आवाजामागे कुठल्याशा भाषेत घोषणा चालली होती,
कुणाला तरी शेवटचं बोलावत होते.
माझा पासपोर्ट ड्रॉवरमध्ये आहे, छत्तीस पानं, सगळी कोरी,
पुढच्या मार्चला मुदत संपते.

सकाळी नवं गिऱ्हाईक आलं, खानापूरकडचं,
नंदगडचा पोरगा, वेल्डिंग शिकलेला.
जन्मठिकाण, मी विचारलं.
तो जरा थांबला.
"कुठल्या कागदावरचं?"